गुल्मीतला टिका

मी म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला आणि अख्ख्या अंगणात बोंब उठली.

म्हणजे खरोखरची बोंब. एक बाई हातातलं सूप टाकून धावत आली आणि माझा दंड धरून तिनं मला मागं खेचलं. म्हाताऱ्यानं दोन्ही पाय खाटेवर वर ओढून घेतले, जसा काय मी त्याला विंचू दाखवला. गोठ्यातली बकरीसुद्धा ओरडायला लागली. दोन दिवस रेल्वे, मग सुनौलीला नेपाळची हद्द, मग बस, मग जीप, मग गुल्मीतल्या या गावापर्यंत तासभर उभा चढ. एवढं करून मी आयुष्यात पहिल्यांदा संस्कारी मुलीसारखं वागायला गेले, आणि हे असं.

"समे, काय केलं मी?" मी ओरडले.

सम्झना पायरीवर बसून पोट धरून हसत होती. "अगं, आमच्यात मुलीनं पाया पडायचं नसतं. मुलींच्या पाया पडतात."

"कोण?"

"सगळे. बाप, आजोबा, काका. तू पडलीस की त्याला पाप लागलं."

"आणि हे तू मिरजेपासून इथपर्यंत सांगितलं नाहीस?"

"मला काय स्वप्न पडलंय तू कुणाच्या पाया पडशील म्हणून? शाळेत सरस्वतीच्या फोटोच्या पण पडत नव्हतीस."

खरं होतं ते.

सम्झना बस्नेत सहावीपासून माझ्या बाकावर. तिचा बाप तुलबहादूर, आम्ही तुलकाका म्हणतो, इचलकरंजीत स्टँडच्या मागं चायनीजचा गाडा लावतो. मी दहावीत शाळा सोडली. 'सोडली' हे माझं म्हणणं, शाळेचं वेगळं आहे. गणिताच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी वही वाचून दाखवून अक्कल काढली आणि मी तीच वही त्यांच्या तोंडावर फेकली. एवढंच. त्या दिवसापासून माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते. अकरा महिने. माग चालवून चालवून कान गेलेत, त्यामुळं बोलतात ते मोठ्यानं, पण आईशी. "तिला सांग, लाइट बंद कर." मी तिथंच उभी. आई पण वळून मला सांगणार, "लाइट बंद कर म्हणतायत." जसं काय मी जपानी.

तर मी तुलकाकाच्या गाड्यावर कोबी चिरायचे. त्या वर्षी दसऱ्याला काका सात वर्षांनी गावाला निघाला. काकूला बाळ झालेलं सव्वा महिन्याचं, म्हणून ती राहिली आणि सम्झना मला म्हणाली, चल. वडील आईला म्हणाले, "जाऊ दे, तेवढंच घर शांत." आईनं गल्लीभर सांगितलं, पोरगी फॉरेनला चालली. नेपाळला पासपोर्ट लागत नाही ही बारीकसारीक माहिती तिनं कुणाला दिली नाही.

सम्झना चालली होती ती हजुरबासाठी. हजुरबा म्हणजे आजोबा. आईबाप इचलकरंजीत नूडल्स परतत होते तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत तिला म्हाताऱ्यानंच वाढवली. वेणी घालायचा म्हणे. आता त्याचे डोळे गेलेले, छाती भाता झालेली, आणि तिथल्या डॉक्टरनं तुलकाकाला फोनवर सांगितलं होतं की यायचं तर याच दसऱ्याला या. त्यांच्यात दसऱ्याला घरातला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यांना टिका लावतो. तांदूळ, दही आणि लाल रंग कालवून कपाळभर थापायचा. दहीभातच म्हणा. मग कानावर जमरा, म्हणजे घटाला उगवलेलं पिवळं धान. ते आमच्यातही टोपीत खोचतात, म्हणून मी फार नवल केलं नाही. पण त्याच्यानंतर तो मोठा माणूस खाली वाकून पोरीच्या पायावर डोकं ठेवतो.

"हजुरबाच्या हातचा टिका एकदा घेतला ना, मग काही नको," सम्झना रेल्वेत म्हणाली. चारदा म्हणाली. इटारसीला एकदा, झाशीला दोनदा.

म्हाताऱ्यानं पाय खाली सोडले आणि माझ्या दिशेला तोंड केलं. दिसत काहीच नव्हतं, पण बघायची ऐट मोठी.

"कोन गाव?"

मी दचकले. मराठी!

"हजुरबा मिरजेला होता," सम्झना म्हणाली. "तेलाच्या गिरणीच्या गेटवर. चौदा वर्षं."

"इचलकरंजी," मी म्हणाले.

"पास हाय?"

"कसला पास?"

"गेटपास! न्हाई? मग बस भायेर." आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की खोकला लागला आणि तीन माणसांनी त्याची पाठ चोळली. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं त्याचं सगळं मराठी गेटवरचंच होतं. कुणाला थांबवायचं, कुणाला हाकलायचं, एवढं अगदी अस्खलित.

सूप टाकून धावलेली बाई म्हणजे ठुलीआमा, सम्झनाची थोरली काकी. घर तिच्या मुठीत. हद्दीवरच्या पोलिसानं मला काहीही विचारलं नव्हतं, ती कसर हिनं भरून काढली. सम्झनाला मधे घालून पहिला प्रश्न: हिची तारीख कधीची?

"कसली तारीख?"

"पाळीची गं. सणाचं घर आहे ना. आली तर सांगायचं, चार दिवस बाहेर. चुलीकडं जायचं नाही, पुरुषांना शिवायचं नाही, टिका तर नाहीच."

"म्हणजे पायावर डोकं पण ठेवायचं आणि घराबाहेर पण ठेवायचं?"

"तू आता सुरू होऊ नकोस."

"नाही, विचारते. डोकं कोणत्या दिवशी आणि बाहेर कोणत्या दिवशी, मी लिहून घेते."

"तेजू!"

"माझी दहा दिवसांनी, सांग तिला. आणि तुझी?"

"माझी परत गेल्यावर," सम्झना म्हणाली.

ठुलीआमानं बोटांवर मोजलं आणि मान हलवली. व्हिसा मिळाला.

पुढचे चार दिवस मी खाण्यात घालवले. टिक्याचा दिवस उजाडला. त्यांचा मुहूर्त रेडिओवर सांगतात, अख्ख्या देशाला एकच. अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं. हे मला आवडलं. आमच्या गल्लीत नळाला पाणीसुद्धा सगळ्यांना एका वेळी येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाची जीप, कारण गोरखपूरहून तिकिटं काढलेली. म्हणजे टिका घ्यायचा तर आजच.

सकाळी साडेसातला सम्झना मला घराच्या मागं ओढून घेऊन गेली. तोंड पांढरंफटक.

"आली," ती म्हणाली.

"कोण आली?"

"तेजे, आली. दहा दिवस आधी."

मला पहिल्यांदा हसूच आलं. तिच्याकडं बघून ते गिळलं. "मग गप बस. कुणाला कळतंय?"

"आणि हजुरबाला काही झालं तर?"

"तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. त्याला व्हायचं ते सगळं झालेलं आहे."

"तुला चेष्टा सुचतीया. माझ्या शिवण्यानं तो गेला तर?"

"माणसं पाळीनं मरत असती ना समे, तर पोरींच्या हायस्कुलातला एक मास्तर जिवंत राहिला नसता."

ती रडायला लागली. हुंदकेबिंदके नाहीत, नुसतं पाणी. "सात वर्षं," म्हणाली. "पुढच्या वर्षी तो नसणारच. आता लांबून बघायचा आणि जायचं."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतून ठुलीआमाची हाक आली. हाक म्हणजे काय, फटाकाच. आम्ही दोघी आत गेलो. तिच्या हातात आमची चादर होती. आम्ही दोघी त्याच चादरीवर झोपत होतो. रुपयाएवढा डाग. तिनं तो माझ्यासमोर धरला, मग सम्झनासमोर धरला. नेपाळी बोलली, पण ते कळायला काही शिकावं लागत नाही. कुणाचा?

सम्झनानं तोंड उघडलं. ती सांगणार होती. मला ती माहीत आहे, तिला खोटं बोलता येत नाही. शाळेत कॉपी केली तरी स्वतः उठून उभी राहायची.

"माझा," मी म्हणाले. छातीवर बोट ठेवलं. "मेरा. मेरो. प्रवासानं झालं पुढंमागं."

सम्झना माझ्याकडं बघत राहिली. मी तिला डोळे वटारले, आमच्या पद्धतीनं, म्हणजे बोललीस तर बघ.

ठुलीआमानं माझ्याकडं बघून असा सुस्कारा सोडला की बस. राग नव्हता त्यात. वाईट वाटलं होतं तिला माझ्यासाठी, खरंच. जा बाई, म्हणाली बहुतेक, आणि हातानं गोठा दाखवला.

गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं मला एक घोंगडी आणि एक पेला मिळाला. गोठा रिकामा, म्हशी रानात. पहिल्या दिवशी माझ्यावर ओरडलेली बकरी आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली होती. मीही दोनदा वाढून घेतली होती. ठुलीआमानं चार सेलरोट्या, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी, पानात गुंडाळून लांबूनच माझ्याकडं टाकली. नेम उत्तम.

सम्झना पाणी द्यायच्या निमित्तानं आली आणि लांब उभी राहिली.

"मी नाही जाणार टिक्याला."

"का?"

"लबाडी आहे ही."

"माझी आहे. तुला काय त्रास?"

"त्याला शिवणार मी आहे ना!"

मग मात्र माझं डोकं सणकलं. "हे बघ, मी शेणात बसलीया. तुझ्यासाठी. आता तू जाऊन त्याच्यासमोर बसली नाहीस, तर मी त्या अंगणात येईन आणि एकेकाला मिठी मारीन. ठुलीआमाला पहिली. चालतंय?"

"तू खरंच करशील," ती म्हणाली.

"करीन."

गेली.

पडवीच्या फळ्यांत फटी होत्या, त्यामुळं मला पहिल्या रांगेतली जागा मिळाली. रेडिओवर शंख वाजला. म्हातारा गादीवर बसला, डोक्याला ती त्यांची रंगीत टोपी. आधी तुलकाका. इचलकरंजीत गिऱ्हाइकाला "सूप संपलं, चल फूट" म्हणणारा तुलकाका बापापुढं मान घालून लहान पोरासारखा बसला. मग ठुलीआमा. मग सम्झना.

ती समोर बसली आणि म्हाताऱ्यानं हातानं तिचं कपाळ शोधलं. आधी नाक सापडलं, मग भुवई, मग कपाळ. टिका लावला. कितीतरी वेळ काहीतरी म्हणत होता, आशीर्वादच असणार. जमरा कानावर खोवला. मग दोघांनी धरून त्याला वाकवलं आणि त्यानं तिच्या पायावर डोकं टेकलं. सम्झना ढसाढसा रडत होती. मला बरं वाटलं. काम फत्ते. चौथी सेलरोटी उचलली.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "अर्की छोरी?" दुसरी पोरगी?

ठुलीआमानं हळूच काहीतरी सांगितलं. 'नछुने', म्हणजे न शिवायची, एवढा शब्द मला कळला. सकाळपासून मी त्याच नावाची झाले होते.

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. मग काठी मागितली. मग टिक्याची थाळी मागितली, आणि तुलकाकाच्या खांद्याला धरून उठला.

अंगण काही मोठं नव्हतं, पण त्याला ते पार करायला केवढा वेळ लागला. मागनं ठुलीआमा, "बा! बा!" करत. पाप लाग्छ, म्हणत होती. त्याच्या पुढं आली, रडायला लागली, पदर पसरला. तिला खरी भीती वाटत होती, तिच्यावर कसं हसू? म्हातारा तिला वळसा घालून चालत राहिला. पडवीच्या दारात येऊन थांबला.

"पोरी, भायेर ये."

"नको हो आजोबा," मी म्हणाले. "माझी ती..."

"म्हाईत हाय."

आता बघा माझी गंमत. मला काहीच झालेलं नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर म्हातारा पापातनं सुटला असता आणि सम्झना तिथल्या तिथं सापडली असती. त्याच्या खांद्यामागं ती दिसत होती मला, कपाळावर ओला लाल टिका आणि त्याखाली चेहऱ्यात रक्त नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर येत असून मी गप्प बसले.

म्हातारा मराठीत बोलला. बहुतेक ठुलीआमाला कळू नये म्हणून. "चौदा वर्सं गेटवर बसलो. कोनाला आत सोडायचं, कोनाला न्हाई, मालक सांगायचा. मी हाकलायचो. पोटुशी बाई हाकलली एकदा. पावसात." दम लागला, थांबला. "हितं मालक मी हाय."

त्यानं माझं कपाळ शोधलं. निम्मा टिका भुवईवर आणि थोडं दही डोळ्यात गेलं. नेपाळीत मोठा आशीर्वाद म्हटला आणि शेवटी माझ्यासाठी मराठीत, "शीक. सायेब हो." जगाच्या पाठीवर कुठंही जा, हे काही सुटत नाही.

आणि मग तो वाकला. तुलकाका आधार देत होता तरी त्याचे गुडघे वाजलेले ऐकू आले. माझ्या पायाला शेण होतं. नखांवर आईकडून ढापलेलं नेलपॉलिश, अर्धं उडालेलं. त्याच्यावर त्यानं कपाळ टेकलं. गरम होतं कपाळ.

माझ्या बापानं अकरा महिने माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं.

मला कधीही काहीही सुचतं. शिव्या सुचतात, टोमणे सुचतात, मास्तरांपुढं सुचतं, पोलिसापुढं सुचेल. तेव्हा एवढंच सुचलं, "उठा की आता."

"उठता येत न्हाई," म्हातारा खालून म्हणाला. "हात दे."

मी हात दिला. ठुलीआमानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. रेल्वेत टिका वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या तरी आम्ही दोघींनी तोंडं धुतली नाहीत. इटारसीला एका बाईनं विचारलं, कपाळाला लागलंय का काही.

म्हातारा माघात गेला. साडेतीन महिन्यांनी.

फोन आला तेव्हा मी गाड्यावर होते. तुलकाकानं कढई उतरवली, गॅस बंद केला आणि स्टुलावर बसला. फोन स्पीकरवरच राहिला होता. पलीकडनं ठुलीआमा रडत होती, आणि रडता रडता जे म्हणत होती त्यातला 'महाराष्ट्रकी छोरी' एवढा भाग मला कळला. मधे 'दशैं', म्हणजे त्यांचा दसरा, आलं, 'नछुने' आलं. काकानं घाईघाईनं स्पीकर बंद केला.

"तू मनावर घेऊ नको," मला म्हणाला. "म्हातारा माणूस. थंडी होती."

"मला काय होतंय, काका."

तो घरी बॅग भरायला गेला. सम्झना गाड्याच्या मागं क्रेटवर बसली होती. हातात कोबी तसाच. मी शेजारी जाऊन बसले.

"मी बाबांना सांगणार आहे," ती म्हणाली. "तुझं नाव उगाच घेतायत. माझ्यामुळं गेला तो. मी शिवले."

"थंडीनं गेला."

"मी शिवले, तेजू. मला माहीत असून मी शिवले. त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं." तिचे ओठ निळे पडले होते. "मी सांगितलं नाही, आणि तो गेला."

तिला समजावून सांगायचे सगळे मुद्दे माझ्याकडं तयार होते. मास्तरांचा, ब्याऐंशीचा, डॉक्टरचा. पण त्या तोंडापुढं मुद्दे काय कामाचे? तिला मुद्दा नको होता. तिला कुणीतरी पापी पाहिजे होतं, आणि ती सोडून तिथं कुणी नव्हतं.

"एक सांगू?" मी म्हणाले. "मला खरंच आली होती त्या दिवशी."

"काय?"

"पडवीत. दहाच्या सुमाराला. तू पाणी घेऊन आलीस त्याच्या आधी."

"खोटं बोलतीस."

"कशाला बोलू? तुझी दहा दिवस आधी येते ती चालते, आणि माझी नाही? म्हणून तर मी त्याला नको म्हणाले. ऐकलंस ना तू? नको म्हणाले होते. तरी शिवला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? ठुलीआमाला? तिला आधीच सांगून झालं होतं की."

"तेजू. शप्पथ घे."

"आईशप्पथ."

"अशी नाही. गळ्याला हात लावून."

मी गळ्याला हात लावला. "आईची शप्पथ. मला आली होती. तू एकटी नव्हतीस."

तिनं कोबी खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मोठ्यानं रडली, एकदाची. स्टँडवरची माणसं बघायला लागली तेव्हा मी त्यांना काय बघताय म्हणून विचारलं.

आता दोन वर्षं झाली त्याला. गुल्मीत एक अख्खं गाव मला म्हाताऱ्याला खाल्लेली पोरगी म्हणून ओळखतं. असू दे. इथं तरी मला कोण ओवाळतंय?

खोटी शप्पथ घेतली की आई मरते म्हणतात. पहिला महिनाभर मी आईला रस्ता एकटीनं ओलांडू दिला नाही, गॅस मीच पेटवायचे, ते सोडा. आई ठणठणीत आहे. आत्ताच मला कामचुकार म्हणून गेली.